वीतभर ढील

आमच्या सासूबाईंना गल्लीत सगळे 'पीळ' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, तेवढी कुणाची छाती नाही. पण भाजीवाल्यापासून समोरच्या गॅरेजवाल्यापर्यंत, मागे बोलताना हेच नाव. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वाटलं, स्वभावावरून पडलं असणार. आठवडाभरात खात्रीच पटली. मग एक दिवस बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हसत हसत मूळ कारण सांगितलं. आई एकतीस वर्षं दोरखान्यात होत्या. तागाचे जाड दोर वळायचं काम. दोर हातात घेऊन, डोळे मिटून, पीळ कमी पडलाय की जास्त झालाय ते त्या सांगायच्या, आणि मुकादम वजनकाट्यापेक्षा त्यांच्या बोटांवर विश्वास ठेवायचा. दोरखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आम्हाला घरबसल्या रोज चहाबरोबर बघायला मिळतं.

या घरात गाठ मारायचा अधिकार एकट्या आईंचा. मी कचऱ्याची पिशवी बांधली तरी त्या येऊन सोडतात आणि पुन्हा बांधतात. माझा नवरा चाळिशीला आला, तरी कामावर निघताना त्याला दारात उभा करून बुटाच्या नाड्या तपासतात. आणि चूक? चूक त्यांच्या हातून होतच नाही. एकदा बाबांच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. बाबांनी एक घोट घेतला आणि कप शांतपणे खाली ठेवला. आई म्हणाल्या, "मिठाची बरणी तिथे कुणी ठेवली?" त्यांनीच ठेवली होती. 'माझं चुकलं' एवढं मी आठ वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बाबा म्हणायचे, तू आठाचं काय सांगतेस, माझी पंचेचाळीस झाली.

मीही काही गरीब गाय नाही. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, दिवसभर लोकांच्या तोंडाला तोंड देते. घरी आल्यावर मूग गिळून बसणं मला जमत नाही. तेव्हा आमचं दोघींचं कसं चालत असेल ते तुम्हीच समजून घ्या.

वादळाची बातमी आली तेव्हा बाबा अंथरुणात होते. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं की तीन आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. त्यातले आठ दिवस झाले होते. बाबा अंगानं दांडगे. कूस बदलायची तरी मला आणि आईंना दोन्ही बाजूंनी जोर लावावा लागायचा. पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीला टेकवून, त्यांना समोर दिसेल अशी एक जाड वेताची काठी ठेवली होती. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी आई चार दुकानं हिंडून ती घेऊन आल्या होत्या. "उठायच्या दिवशी शोधाशोध नको," म्हणाल्या. रोज सकाळी तिला तेलाचं बोट लावायच्या. बाबा त्या काठीकडे बघत दिवस मोजायचे.

रेडिओवर सांगितलं की वादळ उद्या रात्री नऊच्या सुमारास किनाऱ्याला लागेल. मी लगेच रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या बाई बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, यादीत तुमचा नंबर त्रेपन्नावा, आधी सखल भागातली माणसं काढतोय. घर कुठे आहे? म्हटलं, चढावर. भिंती? विटांच्या, पक्क्या. छप्पर? पत्र्याचं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग छप्पर नीट बांधून घ्या."

मी हे आईंना सांगितलं. त्या पीठ चाळत होत्या. चाळणी बाजूला ठेवून म्हणाल्या, "भिंतींची मला काळजी नाही. पाणी इथवर चढत नाही. पण पत्रा गेला तर ह्यांना कुठे हलवणार? तू धरशील का खांदा?" उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. पत्रा टिकला तर बाबा टिकणार. बाकी सगळं भिजो, मोडो, वाहून जावो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही कंबर कसली. माझा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला आहे. वादळ असो नाहीतर काही असो, पंपावर माणूस लागतोच, त्यामुळे दुपारी बाराला त्याला जायचं होतं ते दुसऱ्या दिवशीच परतायला. बारापर्यंत जेवढा राबवून घेता येईल तेवढा आम्ही त्याला राबवला. बाबांचा लोखंडी पलंग खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावला. त्यासाठी समोरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं, चौघांनी चार कोपरे धरले, आणि बाबा पलंगावर पडल्या पडल्या "सावकाश, माल फुटका आहे" असं सांगत राहिले. पिंपं भरली, बादल्या भरल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरली. बटाटे आणि अंडी उकडून ठेवली. बाबांची औषधं माझ्या अखत्यारीत. दोन डब्यांत वाटून एक डबा वर फळीवर आणि एक उशाशी. कागदपत्रं आणि हॉस्पिटलची फाइल कशात ठेवायची यावरून जरा वाजलं. मी म्हटलं प्लॅस्टिकच्या पिशवीत, आई म्हणाल्या पिशवी फाटते. मग त्यांनी मोठा कुकर काढला, फाइल वाकवून आत बसवली, रबरी कडं घातलं आणि झाकण लावलं. बाबा म्हणाले, "तीन शिट्ट्या झाल्या की माझं हाड शिजेल बघ." मला हसू आवरेना. पण मानलं पाहिजे, त्या कुकरात थेंबभर पाणी शिरलं नसतं.

आता उरलं छप्पर. आधीच्या दोन वादळांत ते आईंनीच बांधलं होतं. घराच्या पुढे आठ आणि मागे आठ लोखंडी खुंट्या सिमेंटात पक्क्या बसवलेल्या आहेत. पुढच्या खुंटीपासून पत्र्यावरून मागच्या खुंटीपर्यंत असे आठ दोर टाकायचे. दोर त्यांच्या स्वतःच्या हातचा. दोरखाना बंद झाला त्या दिवशी प्रत्येक बाईला निरोप म्हणून दोराचं एकेक वेटोळं दिलं होतं. बाकी कुणी ते विकलं, कुणी विहिरीला लावलं, आईंनी माळ्यावर जपून ठेवलं.

नवऱ्यानं माळ्यावर चढून ते खाली टाकलं. पडताना आवाज झाला तो दोराचा नव्हता, ओल्या पोत्याचा होता. गेल्या वर्षी माळ्याचा कोपरा गळत होता, ते पाणी वर्षभर त्यातच मुरलं होतं. आईंनी एक पदर हातात घेऊन ओढला. शिळ्या पावासारखा तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला. त्या बराच वेळ हातातल्या त्या काळ्या धाग्यांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतात की काय. पण नाही. म्हणाल्या, "माळ्यावर गळतंय हे मला कुणी सांगितलं नाही." सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं, दोनदा. पण ती वेळ नव्हती.

नवरा धावत बाजारात गेला. एकाच दुकानात दोर शिल्लक होता, निळा नायलॉनचा, करंगळीएवढा. त्याचं बंडल बघून आईंचं तोंड कडू झालं. "ह्यानंच आमचा कारखाना खाल्ला," त्या म्हणाल्या. खरंच होतं ते. नायलॉन आला, स्वस्त झाला, आणि तागाचा दोर कुणी विचारीना. अकरा वर्षांत त्यांनी नायलॉनला हात लावला नव्हता. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा आमच्याकडे सुताची. त्या दिवशी मात्र अडला हरी. त्यांनी बंडल सोडलं, दोर बोटांत धरून पाहिला, वाकवला, नखानं खरवडला. "बारीक आहे. दुहेरी घेऊ. आणि गाठ सरकेल ह्याची, गुळगुळीत आहे. दोन वेढे जास्त मारावे लागतील." कधी न हाताळलेल्या दोराचा गुण त्यांनी दोन मिनिटांत ओळखला. मला मनातून कौतुक वाटलं. मी ते बोलून दाखवलं नाही, त्यांनीही ते मागितलं नाही.

नवरा पंपावर गेला. गॅरेजवाला शिडी लावून वर चढला आणि दोर पलीकडे टाकत गेला. मागच्या खुंट्यांत मी दुहेरी दोराचा वळसा अडकवत गेले, पुढून आई बांधत आल्या. गुडघे दुखतात म्हणून रोज कण्हणारी बाई दीड तास उकिडवी बसून होती. हात असे चालत होते की बघत राहावं. दुहेरी दोर खुंटीतून ओवला, ओढला, थोडा सैल सोडला, वेढा, वेढा, गाठ. पुढची खुंटी.

मी पुढे आले आणि पाहिलं. दोर भिंतीलगत लोंबत होता. हात घालून पाहिला तर वीतभर जागा सहज.

"आई, हे सैल नाही का?"

"ढील आहे ती."

"पण एवढी?"

"पाऊस लागला की दोर आवळतो. आत्ताच घट्ट बांधला तर भिजून एवढा आवळेल की खुंटी उपटेल. एकतीस वर्षं दोर वळलेत मी. तुला काय कळतंय त्यातलं? तू गोळ्या मोज."

गॅरेजवाला शिडीवर उभा राहून दुसरीकडे बघायला लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, मरू दे, घोडामैदान जवळच आहे. मी आत निघून गेले आणि खरोखरच गोळ्या मोजत बसले.

साडेचारला पाऊस सुरू झाला. आधी बारीक, मग आडवा. वाऱ्याचे झोत यायला लागले. एक यायचा, मग जरा थांबायचा, मग दुसरा, आधीच्यापेक्षा मोठा. मी बाबांना चहा देत होते. नऊ दिवस उताणं पडून ते त्या पत्र्याकडे बघत होते. कुठली पन्हाळी उन्हात कधी तडतडते, मांजर कुठून चालतं, सगळं त्यांना पाठ. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"सूनबाई, दोर पत्र्यावर आपटतोय."

मी ऐकलं. वारा आला की वर 'थप' असा आवाज. मग पत्रा जरासा उचलून खाली बसल्याचा आवाज. मग पुन्हा 'थप'.

"पाऊस लागला की आवळणार आहे," मी म्हटलं. आवाजात जरा खोच होतीच.

"अर्धा तास झाला पाऊस लागून," बाबा म्हणाले. "तिला बोलाव. नाही, तूच जा तिच्याकडे. तिला बोलावलं तर ती येणार नाही."

आई पुढच्या ओट्याखाली पावसात उभ्या होत्या. केस कपाळाला चिकटलेले, एक हात दोरावर. त्या दोर दाबून बघत होत्या, सोडत होत्या, पुन्हा दाबत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अजून पुरता भिजला नाही. आवळेल."

मी काही बोलणार तेवढ्यात मोठा झोत आला. समुद्राकडच्या कडेचा पत्रा वीतभर वर उचलला गेला. मी डोळ्यांनी पाहिलं, फटीतून आतला वासा दिसला. मग तो असा काही खाली आदळला की आतून बाबांचा खोकला ऐकू आला. संध्याकाळचे पाच वाजले होते. खरं वादळ यायला अजून चार तास होते आणि पत्रा आत्ताच हवेत.

आईंनी दोराखाली हात घातला. अंगठा भिंतीला, करंगळी दोराला. बरोबर एक वीत. जेवढी ठेवली होती तेवढीच. त्यांनी हात बाहेर काढून त्याच्याकडे पाहिलं, तळवा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग ओट्याच्या ओल्या पायरीवर बसल्या.

"हा आवळत नाही," त्या म्हणाल्या. "नायलॉन भिजून आवळत नाही. मला माहीत होतं ते. डोक्याला माहीत होतं गं. हाताला माहीत नव्हतं. हातानं तागाची ढील ठेवली." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "माझं चुकलं."

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. आठ वर्षांची उत्तरं माझ्याकडे साठलेली होती, मिठाच्या बरणीपासून. दुसऱ्या क्षणी भीती वाटली. ही बाई चुकलं म्हणतेय म्हणजे आता आपलं काय? घरात एवढा एकच खांब होता आणि तो पायरीवर बसला होता.

"आई, उठा," मी म्हटलं. "चुकलं तर चुकलं. आता काय करायचं ते सांगा. सोडून पुन्हा बांधू?"

त्यांनी गाठीला बोट लावलं. दोन वेढे जास्त मारलेली, भिजलेली, झटक्यांनी आवळलेली गाठ. "नायलॉन आवळत नाही, पण ह्याची गाठ आवळते. ही आता कुणाच्या बापाला सुटणार नाही. मीच बांधलीय."

"कापू?"

"कापला तर पुरणार नाही."

पुन्हा एक झोत आला, पुन्हा पत्रा उचलला. आईंनी वर पाहिलं, मग त्या लोंबणाऱ्या दुहेरी दोराकडे पाहिलं. दोन पदर, शेजारी शेजारी. मी त्यांच्याकडेच बघत होते म्हणून सांगते, त्यांचा चेहरा तिथेच बदलला. गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"दुहेरी आहे ना? मग पीळ घालू. काठ्या आण. जाडजूड, हातभर लांब. आठ."

मी घरात धावले. हातभर लांबीची मजबूत वस्तू घरात किती असतात, ते अशा वेळी कळतं. लाटणं सापडलं. हातोडी सापडली. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा मी गुडघ्यावर मोडायला गेले, तो मोडला नाही, माझा गुडघा मात्र सुजला. मग करवतीनं त्याचे दोन केले. स्टुलाचा एक पाय डगमगत होताच, तो पूर्ण उपटला. खिडकीतून गॅरेजवाल्याकडे दांडे मागितले तर तो पावसातून दोन मोठे लोखंडी पाने घेऊनच आला. सात झाल्या.

आईंनी कडेपासून सुरुवात केली. वारा समुद्राकडून येणार, पत्रा त्या कडेनं सोलला जातो, म्हणून कड आधी. दोन पदरांच्या मध्ये लाटणं घालायचं आणि फिरवायचं. एक पीळ, दोन, तीन. दोर आखडत जातो, ढील त्यात मुरत जाते. त्या लाटणं फिरवायच्या आणि मी दोन्ही हातांनी दोर दाबून धरायचे, नाहीतर तो उलटा फिरून तोंडावर बसला असता. नऊ पिळांनंतर त्यांनी दोरावर टिचकी मारली. ठण्ण असा आवाज आला. "बास," त्या म्हणाल्या, आणि लाटणं खालच्या पदराला बांधायला सुतळी काढली. मला वाटलं सुतळी मी बांधावी, मी हात पुढे केलाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सुतळी माझ्या हातात दिली. आठ वर्षांत पहिली गाठ.

"घट्ट?" मी विचारलं.

"ही घट्टच," त्या म्हणाल्या.

दुसरा दोर, तिसरा. पाऊस डोळ्यांत मारत होता. चौथ्याला पाना घातला तो हातातून निसटून आईंच्या मनगटावर बसला. त्यांनी मनगट पोटाशी धरलं, दोन श्वास घेतले आणि डाव्या हातानं फिरवायला लागल्या. गॅरेजवाला म्हणाला, बाई, मी करतो. त्या म्हणाल्या, "तुला पिळाचा अंदाज नाही. तू मागच्या खुंट्या बघ, हलत असल्या तर ओरड." पाच, सहा, सात. प्रत्येक दोराला त्यांनी टिचकी मारून ऐकलं, आणि दोनदा एक पीळ परत काढला, जास्त झाला म्हणून. घाईतही त्यांनी अंदाजपंचे काम केलं नाही.

आठवा दोर बाबांच्या पलंगावरचा. काठी शिल्लक नव्हती. मी पुन्हा आत पळाले. झारा आणला, त्याचा दांडा पहिल्याच पिळात वाकला. लाकडी डाव आणला, तो चौथ्या पिळात कडाकन मोडला आणि दोर सर्रकन उलटा फिरला. खुर्चीचा पाय निघेना. घरभर शोधत होते आणि ती वेताची काठी बाबांच्या पायथ्याशी उभी होती. मी तिच्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "ती घे."

मागे दारात आई उभ्या होत्या, नखशिखांत निथळत. "ती नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"ती तुमची आहे. तुम्हाला उठायचंय."

"अगं, मला उठायला बारा दिवस आहेत. आणि छप्पर उडालं तर काठी टेकत टेकत मी काय आभाळात फिरायला जाऊ?"

आई हलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. मग बाबा हळू आवाजात बोलले. "तू घातलेल्या पिळाखाली मी पंचेचाळीस वर्षं सुखानं झोपलोय. आजच का घाबरू? घे ती काठी."

त्यांनी काठी घेतली. बाहेर गेल्यावर मला वाटलं, चेहरा भिजलाय तो नुसत्या पावसानं नव्हे. काठी दोन पदरांत घातली आणि फिरवायला लागल्या. वेत भिजला होता, मध्येच वाकायला लागला. मी म्हटलं, आई, वाकतेय. त्या म्हणाल्या, "वाकू दे. वेत वाकतो, मोडत नाही." अकरा पीळ घातले त्या दोराला. मग टिचकी मारली, कान लावून ऐकलं, आणि मलाही ऐकायला लावलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी मान डोलावली.

रात्रीचं फार सांगत नाही. वादळ आलं, चार तास घुमलं आणि गेलं. बाबांच्या पलंगाशेजारी आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो. एकदा स्वयंपाकघराकडून पत्रा फाटल्याचा आवाज आला, तेव्हा मी आईंचा हात धरला, तो दुखरा होता. त्यांनी काढून घेतला नाही. डोक्यावरचा पत्रा थरथरत होता, गुरगुरत होता, पण उचलला जात नव्हता. बाबा मध्यरात्रीनंतर घोरायला लागले. आई म्हणाल्या, "बघ, ह्यांना कशाची म्हणून काळजी नाही," आणि पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली.

सकाळी नवरा चिखल तुडवत आला तेव्हा घराला छप्पर होतं. स्वयंपाकघराचा एक कोपरा दुमडला होता, तेवढाच. गल्लीतल्या दोन घरांचे पत्रे शाळेच्या मैदानात सापडले. नवऱ्यानं अंगणात उभं राहून खालपासून वरपर्यंत सगळं पाहिलं. लाटणं, हातोडी, पाने, मॉपचे तुकडे, एकेका दोरात अडकलेले. तो म्हणाला, "हे काय केलंत?" आई म्हणाल्या, "चूक दुरुस्त केली." तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बरोबर ऐकलंस.

काठी सोडवली तेव्हा ती मधोमध वाकडी झाली होती. आईंनी ती उन्हात ठेवली, वर वजन ठेवलं, तेल चोळलं. ती सरळ झाली नाही. त्यांनी नवी आणायचं ठरवलं आणि बाबांनी साफ नकार दिला.

बाराव्या दिवशी डॉक्टर घरी आले, बाबांना उभं करायला. मी एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. बाबांनी वाकडी काठी टेकली आणि उठले. पाय लटपटत होते, ओठ घट्ट मिटलेले. एक पाऊल. दुसरं. खिडकीपर्यंत गेले आणि तिथे उभे राहून हसले. डॉक्टर काठीकडे बघून म्हणाले, "ही अशी कशी झाली?"

बाबा चटकन म्हणाले, "वादळात वाकली."

"वादळात नाही," आई म्हणाल्या. "छप्पर बांधताना मी दोराला वीतभर ढील ठेवली. माझं चुकलं होतं. ती ढील काढायला ह्यांची काठी लागली."

परक्या माणसासमोर, कुणी न विचारता. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तू साक्षीदार."

आई त्यांच्या पायांशी बसल्या. डॉक्टरांनी नवे बूट घालायला सांगितले होते आणि मोडलेल्या बाजूच्या पायाला अजून सूज होती. नाडी नवऱ्यानं बांधलेली. आईंनी ती सोडली, जे अपेक्षितच होतं, आणि पुन्हा बांधली. मग थांबल्या. उठल्या नाहीत. मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बघ गं जरा," त्या म्हणाल्या. "ढील बरोबर आहे का?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि नाडीखाली बोट घालून पाहिलं.